उजव्या खांबापाशी

काकू ही आमची घोडी. नाव ऐकून लोक हसतात, पण एकदा तिच्यासमोर उभं राहून बघा. मान किंचित वर, नाकपुड्या आवळलेल्या आणि नजर अशी, की तिनं आत्ताच पुसलेल्या ओल्या फरशीवरून तुम्ही चालत गेलात. कागदोपत्री तिचं नाव मोठं, दोन शब्दांचं आहे. स्पर्धेत ते भोंग्यावरून पुकारलं, की कुणाला बोलावताहेत हे क्षणभर आम्हालाच कळत नाही.

तिच्यावर बसते ती बारकी, माझी भाची. बावीस वर्षांची घोडी झालीय तीही, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण लहानपणी नाव पडलं ते पडलं. मी या दोघींना शिकवते. मला इथे सगळे मावशीच म्हणतात, काकूची मालकीणबाईसुद्धा, आणि त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हेही सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की आधी सांगितलं नाही.

त्या हंगामात काकू तीन स्पर्धांत एकाच जातीच्या अडथळ्यापाशी थांबली. अडथळे मुख्यतः दोन जातींचे. एक सरळ: दोन खांब, त्यांच्यावर आडवे दांडे, वरून उडी मारली की संपलं. दुसरा रुंद: तसाच एक पुढे, तसाच एक मागे आणि मध्ये मोकळी जागा. आमच्यात त्याला ऑक्सर म्हणतात. त्यात उंची काढायचीच, वर लांबीही काढायची. पण खरी गोम त्या मोकळ्या जागेत असते. स्वाराचं मन एकदा का तिथे जाऊन पडलं, की खालच्या घोड्याला ते लगेच कळतं, आणि आपल्यालाही पडायचंय की काय असं त्याला वाटायला लागतं.

तीन स्पर्धा, तीन ऑक्सर. काकू लयीत यायची, शेवटच्या ढांगेला पुढचे पाय रोवायची आणि ढिम्म उभी. वळवून पुन्हा आणा, पुन्हा उभी. दोन नकार झाले की घंटा वाजते, आणि मग टोपीला हात लावून मुकाट्यानं बाहेर यायचं. तिसऱ्या वेळी बारकी बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. खाली उतरून तिनं काकूचा तंग, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सैल केला, मानेवर थोपटलं आणि म्हणाली, "मावशी, माझंच काहीतरी चुकतंय."

"चुकतंय तर दुरुस्त कर," मी म्हणाले. असं बोलायचं नव्हतं मला, पण तोंडाला लगाम घालायचं शिक्षण मी फक्त घोड्यांना दिलंय.

आणि डोकं फिरायचं कारण असं, की आमच्या मैदानात हीच घोडी, हीच पोरगी, त्याहून रुंद ऑक्सर हसत पार करायच्या. स्पर्धेच्या आधी सरावाच्या जागेतसुद्धा काही अडचण नाही. आत गेलं की मात्र माशी शिंकलीच.

पुढच्याच आठवड्यात मालकीणबाई आल्या. काकूला गाजर दिलं, तबेल्याच्या दारातल्या बाकावर बसल्या, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मावशी, घोडी अकरा वर्षांची झाली. तिची उड्या मारायची आणखी चार-पाचच चांगली वर्षं आहेत. पलीकडच्या तबेल्यातले कॅप्टन तिला मागताहेत. त्यांच्याकडे तयार स्वार आहे."

"आणि बारकी?"

"या महिनाअखेरीच्या स्पर्धेला बारकीच बसू दे. तिथे रुंद अडथळ्यावरून गेली, तर घोडी इथेच. नाही गेली, तर कॅप्टनकडे पाठवते. रागावू नका."

रागवायला जागाच ठेवली नव्हती बाईंनी. त्यांच्या जागी मी असते तर दोन स्पर्धांपूर्वीच पाठवली असती. पण बारकीनं त्या घोडीला चार वर्षांची असल्यापासून हातावर वाढवलंय. खोगीर पहिल्यांदा पाठीवर ठेवलं ते तिनं. मी आत गेले, तर पोरगी काकूच्या खुरातली माती काढत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मान वर केली नाही. मी उगाच पाण्याच्या बादलीवर ओरडले, की ही इथे कुणी ठेवली. ती मीच ठेवली होती.

आता ताईचं सांगायला हवं. ताई म्हणजे बारकीची आई, माझी सख्खी मोठी बहीण. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर एकाच माणसाचे जुने आणि नवे फोटो शेजारी-शेजारी धरायचे आणि काय बदललं ते बघायचं, ही तिची सवय. घोड्यातलं तिला ओ की ठो कळत नाही. ती प्रत्येक वेळी येते, कडेला उभी राहते आणि फोनवर व्हिडिओ काढते.

त्या रविवारी तिनं मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा फोन आणि जुना टॅब शेजारी-शेजारी मांडून ठेवले होते.

"घोड्यातलं मला काही कळत नाही," तिनं सुरुवात केली.

"ते मला माहितीय."

"ऐकून तर घे. हे चार व्हिडिओ तुमच्या मैदानातले. हे तीन स्पर्धेतले. या चारांत तू आहेस. या तिघांत नाहीस."

"स्पर्धेच्या मैदानात मला कोण उभं करणार? तसा नियमच नाही."

"असेल. पण या चारही ठिकाणी तू एकाच जागी उभी आहेस. उजव्या खांबापाशी. तुझ्या पाठीमागून अडथळा नीट दिसतसुद्धा नाही. मी किती वेळा म्हटलं, जरा बाजूला हो, पोरीची उडी येऊ दे. छे! तुझी पाठच."

मी बघितलं. खरंच होतं. तीच मी, तेच हात पसरलेले, जणू काही मी त्या एवढ्या मोठ्या घोडीला झेलणार होते. मग सरावाची जागा आठवली. तिथे शिक्षकाला उभं राहता येतं. तिथेही मी उजव्या खांबापाशीच असते. माझे कान गरम झाले.

"म्हणजे घोडीला सवय लागलीय," मी म्हणाले. "खांबाशेजारी माणूस दिसलं नाही, की तिला चुकल्यासारखं होतं. इतकंच ना? घोडीची सवय मोडते मी."

ताई काहीतरी बोलणार होती, पण मला कधी ऐकून घ्यायची सवय आहे?

दुसऱ्या दिवशी मी माझा पिवळा रेनकोट एका उभ्या फळीवर चढवला, वर माझी टोपी ठेवली आणि ती मावशी उजव्या खांबापाशी उभी केली. खरी मावशी कुंपणाच्या फाटकापाशी. बारकी खोगिरावर पोट धरून हसत होती. "मावशी, ती तुझ्यापेक्षा बारीक आहे!" "आणि गप्प बसते," मी म्हणाले. काकूनं येता-येता रेनकोटकडे एक तुच्छ नजर टाकली आणि ऑक्सरवरून गेली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा वळताना थांबून तिनं कोटाचं वरचं बटण चावून काढलं. मी खूश. म्हटलं, जमलं. आता हा कोट रोज तीन-तीन पावलं लांब न्यायचा, मग नुसती टोपी, मग काहीच नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी कोट तीन पावलं लांब नेला. काकू आली, लयीत आली, आणि मी पहिल्यांदाच लांबून सगळं एकत्र बघत होते, म्हणून मला ते दिसलं. शेवटच्या दोन ढांगांत बारकीची मान उजवीकडे वळली. खांबाकडे. हनुवटी वळली, खांदा वळला, उजवा लगाम खेचला गेला, आणि काकूनं पाय रोवले.

घोडीची सवय कसली? पोरगी मला शोधत होती.

मी फाटकापासून चालत गेले. बारकी काकूच्या मानेवर वाकून बसली होती.

"तू उजवीकडे बघतेस," मी म्हणाले.

"माहितीय."

"कधीपासून माहितीय?"

"आत्ता कळलं. कोट जागेवर नव्हता आणि माझं काळीजच हललं, मावशी. नुसता कोट! त्यात कुणी नव्हतं हे मला माहीत होतं."

"अगं, पण मी तिथे असते ते तुला धीर यावा म्हणून. तू घाबरू नयेस म्हणून."

बारकीनं काकूच्या आयाळीतली गवताची काडी काढली. मग म्हणाली, "रागावणार नसशील तर सांगते."

"रागावणार. सांग."

"उंच अडथळ्यापाशी तू कधी उभी राहत नाहीस. तिहेरी उडीपाशी नाही, पाण्याच्या खड्ड्यापाशी नाही. फक्त ऑक्सरपाशी. तू तिथे चालत जायला लागलीस, की मला कळतं, आता काहीतरी होण्यासारखं आहे. मग मी तुला बघते. तू असलीस की वाटतं, झालं तर झालं, मावशी आहे. आणि स्पर्धेत तू नसतेस."

मी रागावले नाही. कारण मी फक्त ऑक्सरपाशी का उभी राहते, ते मला चांगलं माहीत होतं. सात वर्षांपूर्वी, बारकी पंधराची असताना, ती एका रुंद अडथळ्यावर पडली. मी गवताच्या गाडीवाल्याचा फोन घ्यायला तबेल्यामागे गेले होते. त्याच्याशी हुज्जत घालून परत आले, तर पोरगी मातीत. गळ्याजवळचं हाड मोडलं. एक्स-रे ताईनंच काढला, त्या दिवशी ड्युटी तिचीच होती. फोटो दिव्यावर लावून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू तिथे नव्हतीस." बस, तेवढंच. त्या दिवसापासून मी कुठल्याही ऑक्सरला एकटं सोडलेलं नाही.

पोरगी सहा महिन्यांत विसरली होती. भीती मी रोज नेऊन त्या खांबापाशी उभी करत होते.

"मग आता?" बारकीनं विचारलं.

"आता मी खोगीरखोलीत जाते," मी म्हणाले. "आणि अडथळा तू लावायचा."

आम्ही दोघींनी मिळून बेत आखला, आणि तो काही जगावेगळा नव्हता. उंची गुडघ्याएवढी. मागचे दांडे रोज एक बूट मागे सरकवायचे, त्याहून जास्त नाही. घाई करायची नाही, एखादा दिवस मन लागलं नाही तर कालच्याच रुंदीवर राहायचं. सगळं रुंद झालं की मग हळूहळू उंची. मध्ये बघायचं नाही, उजवीकडे तर नाहीच. पलीकडच्या कुंपणावर रंगाचा रिकामा डबा उपडा ठेवला होता, त्याच्याकडे बघायचं. आणि रुंदी किती झाली, ते मला सांगायचं नाही. ही शेवटची अट बारकीची. मला मुळीच पसंत नव्हती.

खोगीरखोलीला खिडकी आहे. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि खोगिरं पुसायचे. त्या तीन आठवड्यांत आमच्या तबेल्यातली सगळी खोगिरं अशी चमकायला लागली, की त्यांच्यावरून पोरं घसरायला लागली.

नुसतं ऐकत बसलं, की पुष्कळ कळतं. काकूची कँटर, म्हणजे तिची आटोपशीर दौड, कानाला अशी: तीन ठोके आणि एक छोटी पोकळी, तीन ठोके आणि पोकळी. अडथळ्यावर ती पोकळी मोठी होते. त्यात काहीच ऐकू येत नाही. मग टापा जमिनीवर येतात. पहिल्या दिवशी ती पोकळी जेमतेम होती. आठवडाभरानं मला ती पुरती ऐकू यायला लागली. रुंदी वाढत होती, हे मला कुणी न सांगताच कळत होतं. बारकीला हे मी सांगितलं नाही. प्रत्येकाला काहीतरी लपवायला हवं.

एक दिवस टापांची लय बिघडली. धडपड झाली, दांडा पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी उठले. हात कडीवर गेला. त्या कडीचा थंडपणा अजून माझ्या हाताला आठवतो. बाहेर धावत गेले असते, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी तिथेच उभी राहिले आणि देवाचं नाव घ्यायचं सोडून गवताच्या गाडीवाल्याला शिव्या दिल्या. मग दांडा उचलून ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तीन ठोके, पोकळी. तीन ठोके, पोकळी. मग ती मोठी पोकळी, आणि टापा.

बारकी खोगीर ठेवायला आत आली. "मी पडले नाही. दांडा पडला."

"मी विचारलं का?"

"हातातलं फडकं बघ."

फडक्याला मी असा पीळ घातला होता, की साबणाचं पाणी माझ्या बुटात गेलं होतं. ती हसली. मग मीही हसले.

स्पर्धेच्या दिवशी हवा छान होती, ना ऊन ना वारा. सकाळी आम्ही सगळा मार्ग पायी चालून बघितला. सातवा अडथळा ऑक्सर, मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात, निळे-पांढरे दांडे. सहाव्यापासून सहा ढांगा. रुंदी सव्वा मीटरच्याही वर होती. बारकीनं तिकडे बघितलं, मग त्याच्या पलीकडे बघितलं. कुंपणावर कुणाची तरी लाल पिशवी अडकवलेली होती. "तोच आपला डबा," ती म्हणाली.

"आणि पिशवीवाला तेवढ्यात पिशवी घेऊन गेला तर?"

"मावशी!"

"बरं बरं."

सरावाच्या जागेत मी दांडे लावले आणि खांबापासून लांब चालायला लागले. पाय मागे ओढत होते, लपवून काय उपयोग? मालकीणबाई खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी कॅप्टन. मला बघून त्यांनी नम्रपणे मान हलवली. माणूस चांगला आहे, म्हणूनच जास्त राग येत होता. ताई कठड्यापाशी फोन घेऊन तयार होती. आत जायच्या फाटकाशी बारकी म्हणाली, "आता जा."

"जातेय. तंग बघितलास?"

"बघितला."

"टोपीचा पट्टा?"

"मावशी, जा ना गं."

मी गेले. घोड्यांच्या ट्रकमध्ये चढले, दार ओढून घेतलं आणि गवताच्या जाळीला टेकून उभी राहिले. तिथून काही दिसत नाही. भोंग्यावरून काकूचं ते मोठं नाव पुकारलं. घंटा वाजली.

एक. टापा. दोन. टापा. तिसऱ्यावर कुठेतरी दांड्याला खूर घासला, पण पडला नाही. चार, पाच. आता ती लांबच्या कोपऱ्याकडे चालली होती आणि आवाज बारीक होत होता. मी श्वास धरून ऐकत होते. सहा. मग मी ढांगा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. इथे ती मान वळवायची. पाच. सहा.

आणि काहीच ऐकू येईना.

घोडी थांबली, की आधी पाय घासल्याचा आवाज येतो. तो आला नाही. लोकांचा 'अरेरे' येतो. तोही नाही. ती पोकळी संपेचना. तीन आठवडे मी पाठ करून ऐकलेल्या कुठल्याही पोकळीपेक्षा ती मोठी होती, आणि मी त्या ट्रकमध्ये दोन्ही हात पसरून उभी होते, जुन्या सवयीनं.

मग टापा आल्या. एक, दोन, तीन, आणि पुन्हा तीच लय.

माझ्या जिवात जीव आला. शेवटच्या अडथळ्यावर एक दांडा पडलेला मी ऐकला. पडू दे मेला, म्हटलं.

दांडा पडल्यामुळे नंबर काही आला नाही. मालकीणबाई ट्रकपाशी आल्या, काकूला गाजर दिलं आणि म्हणाल्या, "कॅप्टनना मी सांगितलं, घोडी जिथे आहे तिथे बरी आहे." कॅप्टननी बारकीशी हात मिळवला. मग ती काकूला थंड करायला हातात धरून फिरवायला घेऊन गेली.

ताईनं फोन माझ्या हातात दिला. "बघ. आज पहिल्यांदा अडथळा नीट आलाय."

मी बघितला. निळे-पांढरे दांडे, उजव्या खांबापाशी नुसतं गवत. काकू आली, चार, पाच, सहा. बारकीची मान सरळ. हनुवटी लाल पिशवीकडे. मी पुन्हा लावला. पाच वेळा लावला. पाचही वेळा तिनं उजवीकडे बघितलं नाही.

"रडतेस?" ताईनं विचारलं.

"हो, रडतेय. मग?" मी नाक पुसलं. "ताई, तिचं हाड मोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, तू तिथे नव्हतीस."

ताईनं आठवून बघितलं. "म्हणाले असेन. घाबरले होते गं मी. पोरीचा फोटो स्वतःच्या हातानं काढला होता." मग तिचा चेहरा बदलला. "अगं बाई. सात वर्षं तू ते धरून बसलीस?"

"बसले कुठे? उभीच होते."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघी ट्रकच्या फळीवर बसलो. तेवढ्यात ट्रकच्या मागून टापा जवळ आल्या आणि बारकीची हाक आली.

"मावशी! कुठे आहेस?"

"इथेच आहे," मी म्हणाले. उठले मात्र नाही.